नातवाचा लॅपटॉप आणि अण्णांचा डोळा

दवाखान्यात रुग्ण खिशातून जे कागद काढतात त्यांची मला आता सवय झाली आहे. औषधांची जुनी चिठ्ठी, रक्ताचा अहवाल, शेजाऱ्याने सांगितलेल्या काढ्याची कृती. गेल्या वर्षी आषाढातल्या एका ओल्या सकाळी मात्र अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून चौघडी घातलेला वहीचा कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडून ठेवला. त्यावर घाईच्या, कोवळ्या अक्षरात लिहिले होते : १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, आरटीएक्स ग्राफिक कार्ड, १६५ हर्ट्झ, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेला आकडा : १,०५,०००.

"बाई, हे बरोबर आहे का तेवढं बघून सांगा," अण्णा म्हणाले. "दुकानदाराला विचारलं तर तो हो म्हणणारच. तुम्ही नाही म्हणायचं तिथं नाही म्हणता."

अण्णा हे त्यांचे खरे नाव नव्हे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि ही हकीकत लिहिण्यास त्यांची संमती आहे. वय चौऱ्याहत्तर, एस.टी.तून निवृत्त झालेले, कराडजवळच्या गावी राहणारे. नातू ओंकार याला पुण्यात अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत प्रवेश मिळाला होता, आणि त्याला 'अभ्यासालाही चालेल, थोडे गेमिंगही करता येईल आणि दिसायलाही छान' असा लॅपटॉप हवा होता.

कागद बाजूला ठेवून मी आधी त्यांचा रक्तदाब पाहिला. एरवी १३०-१३५ च्या आसपास असणारा वरचा आकडा १६८ वर गेला होता. खोदून विचारल्यावर हळूहळू सारे बाहेर आले. गेला दीड महिना अण्णा रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होते. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी परस्पर पुढच्या वर्षावर ढकलली होती. त्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेली मुदत ठेव मोडून लॅपटॉप घ्यायचा, असा बेत होता. "एका डोळ्यानं दिसतंय की अजून," ते म्हणाले.

हे वाचताना तुमच्यापैकी काही जण मान खाली घालतील, हे मी जाणते. नातवंडांच्या फीसाठी, लग्नासाठी, वस्तूंसाठी स्वतःची तपासणी 'बघू पुढे' म्हणून टाळणारे आजी-आजोबा मी रोज पाहते. घरात कुणालाही त्याचा पत्ता नसतो. म्हणून लॅपटॉपची ही गोष्ट आरोग्याच्या पाक्षिकात सांगावीशी वाटली.

आधी माझी चूक

त्या सकाळी "अण्णा, नातवाचे लाड पुरे झाले" असे सांगून कागद परत करणे मला सोपे होते. तसे केले नाही, याचे कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या घरात तेच केले होते.

माझ्या मुलानेही अभ्यास आणि थोडेसे गेमिंग, दोन्हींसाठी लॅपटॉप मागितला होता. "लॅपटॉप अभ्यासासाठी असतो," एवढे एक वाक्य बोलून मी चर्चा संपवली आणि माझ्या पसंतीचा, पातळ, चंदेरी, देखणा लॅपटॉप आणला. रॅम ८ जीबी. ती मुख्य पट्टीवरच कायमची जोडलेली असल्याने पुढे वाढवता येत नाही, हे मला दीड वर्षाने कळले. तोवर त्याच्या अभ्यासक्रमातल्या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरपुढे ते यंत्र हतबल झाले होते. ज्याला मी 'अभ्यासाचा' म्हटले, तो अभ्यासालाही पुरला नाही.

दुसरी गोष्ट अधिक लागणारी होती. खेळ थांबलेच नव्हते. ते मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर गेले होते. रात्री दिवा मालवून, कुशीवर आडवे पडून, पडदा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून. मानदुखी, डोळ्यांची जळजळ, सकाळी न उतरणारा थकवा या तक्रारी घेऊन तो माझ्याकडेच येत होता आणि मी त्याला जीवनसत्त्वांच्या गोळ्या देत होते. दवाखान्यात प्रत्येकाची पूर्वपीठिका विचारणाऱ्या मला घरातल्या रुग्णाला ती विचारण्याचे सुचले नव्हते.

म्हणून अण्णांना मी म्हणाले, "रविवारी दुपारी ओंकारला घेऊन या. आणि तोवर गोळी रोज घ्यायची." औषधाचा खर्च जाचत असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ कमी किमतीत मिळते, हेही सांगितले.

चार प्रश्न

रविवारी दोघे आले. ओंकार संकोचून बसला होता. डॉक्टर आता खेळांवर व्याख्यान देणार, अशी त्याची खात्री असावी. मी त्याला चारच प्रश्न विचारले. तुमच्या घरी हा विषय निघाला असेल तर हेच चार प्रश्न तुम्हीही विचारू शकता. उत्तर ऐकताना मध्ये बोलू मात्र नका.

पहिला प्रश्न : अभ्यासात काय करावे लागेल? प्रोग्रॅम लिहिणे, ऑनलाइन व्याख्याने, एकाच वेळी दहा-पंधरा पाने उघडी ठेवून वाचणे. दुसरा : खेळ कोणते? गावाकडच्या चार शाळासोबत्यांबरोबर व्हॅलोरंट आणि अधूनमधून फुटबॉलचा एक खेळ. "ते चौघं चार गावांना गेलेत काकू. रात्री तासभर तिथंच भेटतो," तो म्हणाला. हे वाक्य माझ्या मुलाने मला सांगितले असते, मी विचारले असते तर. तिसरा : बसणार कुठे? वसतिगृहाच्या खोलीत टेबल एक, मुले तीन, आणि विजेचा सॉकेट खाटेच्या डोक्याशी. चौथा : दिवसभर पाठीवर किती वाहायचे? बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत वीस मिनिटांची चाल.

या उत्तरांतच अर्धा लॅपटॉप ठरतो. व्हॅलोरंटसारखा खेळ साध्या यंत्रावरही चालतो. मध्यम प्रतीच्या गेमिंगला लाखाच्या वर जाण्याची गरज नसते. जाहिरातीतले मोठे आकडे अतिशय बारकाईने रंगवलेल्या, अवजड खेळांसाठी असतात.

आकड्यांचा अर्थ

अण्णांना कागदावरचे शब्द समजावेत म्हणून मी जे सांगितले ते इथे थोडक्यात देते. रॅम म्हणजे कामाचे टेबल. टेबल जितके मोठे, तितकी कामे एकाच वेळी पसरून ठेवता येतात. आज अभ्यास आणि खेळ दोन्हींसाठी १६ जीबी घ्यावी, आणि पुढे वाढवता येते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. एसएसडी म्हणजे कपाट. ५१२ जीबी पुरते, आणि अनेक लॅपटॉपमध्ये दुसऱ्या कपाटासाठी रिकामी जागा असते. प्रोसेसर कोअर आय-५ किंवा रायझन ५ च्या वर्गातला असला तरी या कामाला भक्कम ठरतो. ग्राफिक कार्ड म्हणजे खेळातली चित्रे भराभर रंगवणारा वेगळा कारागीर. खेळायचे असेल तर तो स्वतंत्र हवा. त्याची स्वतःची स्मृती ४ जीबी असली तर काम भागते, ६ जीबी असली तर पुढची काही वर्षे अधिक निश्चिंतपणे जातात.

पडदा हा मात्र असा भाग आहे की जो नंतर बदलत नाही आणि ज्याचा थेट संबंध डोळ्यांशी आहे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो, गेमिंगचा १२० किंवा १४४ वेळा. एवढे पुष्कळ झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडदा चकाकणारा नसावा आणि त्याचा उजेड किमान ३०० निट्स असावा. नाहीतर दिवसाच्या प्रकाशात डोळे बारीक करून वाचावे लागते.

आता देखणेपणाविषयी. मी त्याला हसणार नव्हते. गावातून शहरात गेलेल्या मुलाला वर्गात बॅग उघडताना अवघडल्यासारखे वाटू नये, ही इच्छा उथळ नाही. पण देखणेपणाची किंमत कशात मोजावी लागते, ते ठाऊक असावे. गेमिंगमध्ये यंत्र तापते. ते गार करायला आत जागा आणि पंखे लागतात. त्यामुळे एकाच नावाचे ग्राफिक कार्ड फार पातळ लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालवले जाते आणि सावकाश काम करते. जाड यंत्रात तेच कार्ड जोमाने धावते. म्हणजे फार पातळ नको आणि रणगाडाही नको. गडद राखाडी किंवा काळे, साधे झाकण, एक रंगाच्या मंद दिव्याचा कीबोर्ड, मजबूत बिजागरी, हे रूप चार वर्षांनीही जुनाट दिसत नाही.

वजनकाट्यावर

माझ्या मुलाच्या मित्राने त्याचा गेमिंगचा लॅपटॉप त्या दिवशी पाहण्यासाठी दिला होता. मी तो चार्जरसह दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर ठेवला. २ किलो ९०० ग्रॅम. अण्णा हसले : "बाळंतपण झालं म्हणायचं." गेमिंगच्या लॅपटॉपचा चार्जर मोठा असतो. त्याचे वजन जाहिरातीत धरलेले नसते, पाठ मात्र ते धरते. त्यावर वह्या, डबा, पाण्याची बाटली. वीस मिनिटांच्या चालीला याहून हलका शोधू, असे ओंकारच म्हणाला.

मग लॅपटॉप सुरू केला. कीबोर्डचे रंगीत दिवे लागले. अण्णा वाकून पाहू लागले आणि सहज म्हणाले, "या दिव्यांभोवती मला वर्तुळं दिसतात. तुम्हालाबी दिसतात का?"

ओंकारने माझ्याकडे पाहिले. मी अण्णांकडे पाहिले. तो खुलासा करण्याचा अधिकार त्यांचा होता. क्षणभर थांबून अण्णा म्हणाले, "मोतीबिंदू हाय डाव्या डोळ्यात. काढायचाय. बघू."

"कधी काढायचाय?" ओंकारने विचारले. "पैसे ठेवलेत ना त्याचे?"

अण्णा काही बोलले नाहीत. ते गप्प बसले, यावरून मुलाला कळायचे ते कळले. त्याने टेबलावरचा कागद ओढला, माझे पेन घेतले आणि रंगीत दिव्यांवर रेघ मारली. मग १६५ हर्ट्झवर, मग १ टीबीवर. शेवटी खालच्या आकड्यावर.

आठवडाभराने त्याने नवा कागद आणला. १६ जीबी, ५१२ जीबी, ६ जीबीचे ग्राफिक कार्ड, १४४ हर्ट्झचा चकाकी नसलेला पडदा, गडद राखाडी रंग, वजन दोन किलोंच्या आत. सणासुदीच्या सवलतीत तो ६८ हजारांना मिळाला. अण्णांनी वीस हजार दिले, तेही त्यांच्या बचत खात्यातून. उरलेले ओंकारच्या वडिलांनी हप्त्यांनी. मुदत ठेव मोडली नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयांत विनामूल्य होते, हे मी अण्णांना सांगितले होते. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांकडेच जायचे ठरवले, आणि श्रावण संपायच्या आत डोळा झाला.

दुकानात जाल तेव्हा

नातवंडाबरोबर तुम्हीही जा. म्हाताऱ्या माणसाला घाई नसते, याचा तिथे फायदा होतो. पडदा उघडून पाहा, त्यात तुमचाच चेहरा स्पष्ट दिसला तर तो चकाकीचा आहे. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबून पाहा, फार खचतो का. शक्य असेल तर खेळ दहा मिनिटे चालवायला सांगा आणि तळवा जिथे टेकतो तिथे हात ठेवा. पंख्याचा आवाज ऐका. दुरुस्तीचे केंद्र मुलगा शिकेल त्या शहरात आहे का, हमी किती वर्षांची, पडल्यास-सांडल्यास काय, हे विचारा. जीएसटीचे पक्के बिल घ्या.

आणि सर्व रक्कम लॅपटॉपवर संपवू नका. अडीच-तीन हजार रुपये राखा, ते कशासाठी ते आता सांगते.

लॅपटॉपसोबतची चिठ्ठी

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, आणि शरीराच्या दृष्टीने हाच त्याचा दोष आहे. हात नीट टेकले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर खांदे उचलावे लागतात. आपले डोके चार-पाच किलोंचे असते. ते तासन्‌तास पुढे झुकवून ठेवले की मानेचे स्नायू तक्रार करतातच. उपाय स्वस्त आहे : एक स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, पडदा हातभर अंतरावर, कोपरे काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले.

खेळताना हा लॅपटॉप चार्जरला जोडूनच ठेवावा लागतो. नुसत्या बॅटरीवर तो मंदावतो आणि बॅटरीही झपाट्याने उतरते. म्हणजे जिथे सॉकेट तिथे बैठक. ओंकारच्या खोलीत ती खाटेवर झाली असती. म्हणून चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला आणि टेबल सॉकेटकडे सरकवले.

गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास हवेची भोके बुजतात आणि यंत्र अधिक तापते. मांडीवर तर ठेवूच नये. शेगडीजवळ रोज बसणाऱ्यांच्या कातडीवर पूर्वी जाळीदार तपकिरी डाग दिसत, तसेच डाग रोज तापता लॅपटॉप मांडीवर घेणाऱ्यांनाही पडू शकतात. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे, अशा तुम्हा ज्येष्ठांनीही हे लक्षात ठेवावे.

पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहावे. कानांचेही भान हवे. पंखा मोठ्याने घोंघावू लागला की मुले हेडफोनचा आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित मानावा. आवाज त्याहून मोठा असेल तर वेळ झपाट्याने कमी करावा लागतो. झोप किमान सात तास, आणि झोपण्यापूर्वीचा तास खेळाविना. मुलाला किंवा घरात कुणाला आकडीचा आजार असेल तर लखलखणाऱ्या दृश्यांचे खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

काळजी केव्हा करावी

'गेमिंग' म्हटले की अण्णांच्या डोळ्यांसमोर रमीच्या जाहिराती येत. त्यांना वाटले होते, नातू जुगाराला यंत्र मागतो आहे. तुमचाही असा समज असेल तर दोन्हींत फरक करा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी आणली आहे. मित्रांबरोबर गमतीचा खेळ ही वेगळी गोष्ट. मात्र अशा खेळांतही पोशाख, हत्यारे विकत घेण्याचे मोह असतात. म्हणून तुमचे कार्ड किंवा यूपीआय नातवंडाच्या खेळाच्या खात्याला जोडून ठेवू नका, ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

खेळाचा आजारही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्याची नोंद आहे. तास मोजून मात्र तो ठरत नाही. खेळावर ताबा न राहणे, जेवण-झोप-अभ्यास-माणसे या सर्वांपुढे खेळ जाणे, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. असे साधारण वर्षभर चालले तर निदान होते. पण मदत मागायला वर्षभर थांबू नये. तुमच्या डॉक्टरांशी बोला, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे सल्ला विनामूल्य मिळतो.

परीक्षेत नापास होईपर्यंत खेळणारा एक मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या घरी कुणालाच काही ठाऊक नव्हते, कारण घरात खेळ हा विषय काढण्याची मुभाच नव्हती. म्हणून सांगते, खेळ बैठकीच्या खोलीत येऊ द्या. तुमच्यासमोर खेळलेला तासभर हा पांघरुणाखालच्या तासाहून बरा.

दिवाळीनंतर अण्णा तपासणीला आले. डावा डोळा स्वच्छ झाला होता. सुट्टीत ओंकारने त्यांना शेजारी बसवून फुटबॉलचा खेळ दाखवला होता. आता खेळाडूंच्या पाठीवरचे आकडेही वाचता येतात, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. "आधी फोनवर विचारायचो, किती वेळ खेळलास? की लगेच फोन ठेवायचा. आता विचारतो, जिंकलास का? मग बाकीचं सगळं आपणहून सांगतो. मेस, परीक्षा, सगळं."

मी रक्तदाब मोजला. १३४. तरी सवयीने त्यांचे गोळ्यांचे पाकीट मागून घेतले आणि मोजले. एकही गोळी जास्तीची उरलेली नव्हती.